डाव्या कोपऱ्यावरची सुरुची

कबड्डीत कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला काम एकच असतं. समोरून चढाईला आलेल्या पोरीला अशी धरायची, की मधली रेषा ओलांडून तिला आपल्या अंगणात परत जाता येऊ नये. मग धरताधरता तिचा ओठ फुटला, नख निघालं, बरगडी दुखावली, तर त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. पंच बोट वर करून गुण देतात.

सुरुची टिंगरे शाळेत असल्यापासून डाव्या कोपऱ्यावर उभी होती आणि आता तिशी उलटून गेली होती. दिवसभर विश्रांतवाडीच्या एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून ती पोरांना 'मारामारी करू नका रे' असं घसा फुटेस्तोवर सांगायची, आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन लोकांच्या लेकी उचलून आपटायची. दोन्ही कामं मनापासून करायची. तिचं नाक एकदा मोडून बसवलेलं होतं, ते किंचित एका बाजूला बघायचं. पुढचा एक दात उसना होता. एका हाताची करंगळी थंडीच्या दिवसांत घरातल्या रुसलेल्या सासूसारखी वेगळी राहायची.

एवढं सगळं सोसलेली सुरुची शेवटी कमरेपायी डॉक्टरकडे गेली. डॉ. तरन्नुम बागवान कोथरूडला बसायच्या. त्या कायरोप्रॅक्टर होत्या, म्हणजे हातांनी मणके मोकळे करणाऱ्या. समोरचा "म्हणजे हाडं बसवता ना तुम्ही?" असं म्हणाला, की त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या आणि तो गप्प व्हायचा.

"विश्रांतवाडीहून स्कूटरवर आलात?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"हो."

"मग दुखणं कबड्डीचं किती आणि रस्त्याचं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. पालथ्या व्हा."

बाईंचा हात मात्र देवाचा होता. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. कमरेच्या एका ठिकाणी त्यांनी तळवा टेकवला, थोडा वेळ नुसता ठेवला, आणि मग असं काही दाबलं की सुरुचीला आपल्याला कंबर आहे याचाच विसर पडला. ती खूश होऊन म्हणाली, "मॅडम, आता मानेचा पण एक आवाज काढा ना. आमचे दत्तोबा सर मॅचच्या आधी सगळ्यांच्या माना मोडतात. कट्‌ झालं की मोकळं वाटतं."

तरन्नुमबाईंचा हात थांबला. "सगळ्यांच्या? रांगेत उभं करून?"

"हो. पहिल्यापासूनची पद्धत आहे आमच्यात. कोणी पडलं, तरी सर पळत येतात, काखेत हात घालून उचलतात आणि एक झटका देतात. पोरगी लगेच उभी."

"आणि एखादी नाही झाली, की तिला आयुष्यभर कोणीतरी उचलत राहायचं." त्यांनी सुरुचीला उताणं केलं, तिच्या डोक्याशी जाऊन बसल्या आणि तिच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले. बोटं मानेखाली गेली. "मान ही बोटं मोडल्यासारखी मोडायची वस्तू नव्हे, टिंगरेबाई. डोक्यावर पडलेल्या माणसाला उचलायचं नाही. बसवायचं नाही. पाणी पाजायचं नाही. डोकं असं धरायचं, आहे तसं, आणि माणूस आडवा न्यायची ताठ फळी येईपर्यंत कोणाचा बाप आला तरी सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं," सुरुची म्हणाली. तिला गंमत वाटत होती. ज्या बाईचा सगळा जन्म पोरींना पाडण्यात गेला, तिला पडलेल्यांचं काय करायचं हे पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

त्यानंतरच्या एका खेपेला ती पडद्याअलीकडच्या खाटेवर कमरेला शेक घेत पडली होती. पलीकडच्या खाटेवर कोणी पोरगी आली. पडदा म्हणजे नुसतं फुलाफुलांचं कापड. आवाज ऐकल्याबरोबर सुरुचीनं ओळखलं. शनिवार पेठेच्या वज्र संघाची कल्याणी. जिल्ह्यातली सगळ्यात चपळ चढाईपटू. सुरुचीच्या हातून दर वर्षी निसटणारी, आणि निसटून गेल्यावर रेषेपलीकडून मांडीवर थाप मारून दाखवणारी.

"हाताला मुंग्या येतात. मान उजवीकडे वळतच नाही. एक कट्‌ करून द्या ना, मॅडम," कल्याणी म्हणत होती.

"हाताला मुंग्या येत असलेल्या मानेला मी बोटसुद्धा लावणार नाही. आधी एमआरआय, मग हाडांचे सर्जन. आणि तोपर्यंत खेळ बंद."

"राज्याची निवड आहे हो. रविवारी फायनल बघायला सिलेक्टर येणारेत. दोन वर्षं थांबलेय मी."

"थांबायची सवय आहे म्हणजे. अजून थोडं थांबा."

"एवढी एक मॅच, मॅडम."

"मी लेखी देते, की खेळू नका. तुमच्या कोचना दाखवा."

"दाखवते," कल्याणी म्हणाली. ती दाखवणार नाही, हे पडद्याअलीकडे पडलेल्या बाईला बरोबर कळलं, कारण तिनंही दाखवलं नसतं.

सुरुची श्वास धरून पडून राहिली. आपण मुद्दाम ऐकलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना कुठे असतात? पण घरी जाताना सिग्नलला उभी असताना तिच्या डोक्यात एक साधा हिशेब आपोआप मांडला गेला. आपला डावा कोपरा म्हणजे समोरून येणाऱ्या पोरीचा उजवा हात. तिची मान उजवीकडे वळत नाही. म्हणजे मी तिला दिसणार नाही.

मागच्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा ती भानावर आली.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. दत्तोबांना नाही, आणि कल्याणीला 'खेळू नको गं' असंही नाही.

रविवारी नदीपात्रात मांडव पडला होता. मॅट अंथरली होती, दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. शनिवार पेठ घरचं मैदान असल्यासारखी आरडत होती आणि विश्रांतवाडीची मंडळी टेम्पो भरून आली होती. एका बाजूला पांढऱ्या चादरीच्या लांब टेबलावर ढाली मांडल्या होत्या, त्यांच्यामागे निवड समितीचे लोक गंभीर चेहरे करून भेळ खात होते.

मॅचच्या आधी दत्तोबांनी पोरींना रांगेत उभं केलं. एकेकीची हनुवटी आणि टाळू धरून कट्‌, कट्‌, कट्‌. सलोनीची मान मोडली. सलोनी म्हणजे संघातली सगळ्यात जड पोरगी, मधल्या फळीतली. मग ते सुरुचीपाशी आले.

"मान दे."

"नको, सर."

"नको? का गं? मान घरी ठिवून आलीस व्हय?"

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"त्या कोथरूडच्या बाईनं?" दत्तोबा हसले, पण डोळे हसले नाहीत. "आज हारलो ना सुरुची, तर कुणामुळं हारलो हे अख्ख्या संघाला म्हाईत हाय. ध्यानात ठिव."

मॅच पहिल्यापासून रक्तावर आली. तिसऱ्याच चढाईला सलोनीचं कोपर वज्रच्या एका पोरीच्या तोंडावर बसलं आणि मॅटवर लाल थेंब पडले. कोणीतरी फडक्यानं पुसले आणि खेळ पुढे चालू. सुरुचीनं एकीला घोट्याला धरून अशी ओढली, की ती हनुवटीवर पडली आणि दातांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. बदल्यात पुढच्या पकडीत कोणीतरी सुरुचीच्या पोटात गुडघा घातला. ती वाकली, थुंकली आणि सरळ झाली. प्रेक्षक खूश होते. मधल्या सुट्टीत एका काकांनी आपल्या नातवाला खांद्यावर घेतलं, चांगलं दिसावं म्हणून.

कल्याणी मात्र जपून खेळत होती. मान ताठ, खांद्यासकट सगळं अंग वळवायची. बघणाऱ्यांना वाटत होतं, ऐट आहे. सुरुची बघत होती. दोनदा कल्याणी तिच्या कोपऱ्याजवळून गेली आणि दोनदा सुरुचीनं जागा सोडली नाही. आपण का थांबलो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"झोपलीस का काय?" दत्तोबा बाहेरून ओरडले. "बांगड्या भरून ये तिकडं!"

शेवटची चढाई. विश्रांतवाडी एका गुणानं पुढे. वज्रला बरोबरी साधायला एक स्पर्श हवा होता, आणि तो करायला कल्याणी आली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज खणखणीत, पाय मांजराचे. ती डावीकडे झुकली, सलोनीला हूल दिली, आणि तिची पूर्ण नजर त्या बाजूला गेली.

सुरुची तिच्या उजवीकडून गेली.

कल्याणीला ती दिसलीच नाही. सुरुचीचे दोन्ही हात तिच्या मांडीला विळखा घालून बसले, खांदा कमरेत घुसला, कल्याणीचे पाय मॅटवरून सुटले. सुंदर पकड होती. त्याच क्षणी सलोनीनं आणि आणखी दोघींनी वरून अंग टाकलं. कल्याणी डोक्यावर पडली, आणि तिच्यावर सगळ्यांचं वजन. सुरुचीचा कान तिच्या पाठीला चिकटलेला होता. तिला आतून एक आवाज आला. कट्‌. पण मोकळं वाटायला लावणारा नव्हे.

शिट्टी झाली. विश्रांतवाडी जिंकली. पोरी किंचाळत उठल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कल्याणी उठली नाही.

"ऊठ," सुरुची म्हणाली.

"उठतेय," कल्याणी म्हणाली. तिचं तोंड मॅटवर एका बाजूला होतं. "उठतेय ना." पण कुठलंच अंग हलत नव्हतं. तिचे डोळे टेबलामागच्या लोकांकडे गेले. कबड्डीत जखमी पोरगी आपल्या पायांनी उठली की टाळ्या पडतात, आणि निवड करणारेही त्या टाळ्या ऐकतात. हे दोघींनाही ठाऊक होतं. "मला हात दे, सुरुचीताई. नुसतं उभं कर. बघतायत ते."

सुरुची तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली. दोन्ही कानांवर तळवे ठेवले, बोटं मानेखाली सारली आणि कोपरं मॅटला घट्ट लावली.

"हललीस तर थोबाड फोडीन," ती म्हणाली.

लोकांना काय दिसलं? मॅच संपली, तरी विश्रांतवाडीची ती दांडगट बाई वज्रच्या पोरीचं डोकं मॅटवर दाबून बसली आहे. बस्स. शनिवार पेठ मैदानात उतरली.

पहिली लाथ बरगडीत बसली. कल्याणीचा भाऊ आमोद होता, जीन्स, स्पोर्ट्स शूज, चेहरा रागानं पांढरा. "सोड तिला! सोड! मॅच ओव्हर झालीये, कळत नाही का?"

"मान गेलीये तिची. फळी आण," सुरुची म्हणाली.

"मान तू मोडलीस! आणि आता..." दुसरी लाथ. सुरुचीचा श्वास गेला, हात गेले नाहीत. कोणाची तरी चप्पल कानशिलावर बसली. एक प्लॅस्टिकची खुर्ची पाठीवर आदळून फुटली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मार खात होती आणि परत देता येत नव्हता, कारण दोन्ही हात दुसऱ्याच्या डोक्याला दिलेले. मग तिनं उरलेलं होतं ते वापरलं. एकजण कल्याणीच्या काखेत हात घालायला वाकला, तेव्हा तिनं त्याच्या मनगटाला दात लावले आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. तो बोंबलत मागे गेला. उसना दातही त्याच्याबरोबर गेला.

"ए सुरुची!" आता दत्तोबा आले. "सोड तिला, येडी झालीस काय? दंगल व्हतीय इथं. सरक. मी देतो एक झटका, हुबी ऱ्हाईल पोरगी."

"हात लावायचा नाही, सर."

"मला सांगतीस? तुला खेळ शिकवला म्या!"

"लावाल तर तुमचंही बोट तोडीन."

दत्तोबांनी तिची वेणी धरली आणि मागे खेचली. तिची मान ताणली गेली, डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण कोपरं मॅटला चिकटलेली राहिली आणि कल्याणीचं डोकं केसभर हललं नाही. त्यांनी पुन्हा खेचली. कपाळातून काहीतरी ऊन ऊन वाहून तिच्या डोळ्यात गेलं आणि तिथून कल्याणीच्या गालावर टपकलं.

"शी," कल्याणी म्हणाली. "रक्त पाडतेस माझ्यावर."

"पूस मग."

"पुसता येत नाहीये." ती थांबली. मग तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "दादा. दादा, मारू नको रे तिला. मला पाय जाणवत नाहीयेत. हात पण कुठेत कळत नाहीये."

आमोदचा तिसऱ्या लाथेसाठी उचललेला पाय तसाच राहिला. त्यानं बहिणीकडे पाहिलं, सुरुचीच्या हातांकडे पाहिलं, आणि एवढ्या गोंधळात त्या पोराला कळायचं ते कळलं. तो वळला आणि त्यानं वेणी ओढणाऱ्या दत्तोबांच्या छातीत दोन्ही हातांनी असा धक्का दिला, की म्हातारा चारी मुंड्या चीत झाला.

"कोणी जवळ यायचं नाही!" तो ओरडला. आला त्याला त्यानं मारलं. आपल्या पेठेतल्या पोरांना मारलं, विश्रांतवाडीच्या पोरांना मारलं, मध्ये पडणाऱ्या एका पंचांनाही एक लागली. "फळी! कोणीतरी फळी आणा रे!"

फळी कुठून येणार? ॲम्ब्युलन्समध्ये कापडाची झोळी होती, ती मधून वाकत होती. शेवटी आमोदनंच निवड समितीचं टेबल पालथं केलं. ढाली खणखणत खाली पडल्या, भेळ उडाली, समितीचे लोक उठून उभे राहिले. पाय लाथेनं मोडून त्यानं वरची फळी आणली. सुरुची सांगत गेली, तसं सगळ्यांनी मिळून कल्याणीला ओंडक्यासारखं एकसंध उचललं आणि फळीवर ठेवलं. डोकं सुरुचीच्या हातात. ॲम्ब्युलन्समध्येही तसंच, प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत.

हॉस्पिटलात सर्जननी गळपट्टा बांधला आणि म्हणाले, "सोडा आता, बाई." तिची बोटं उघडेनात. नर्सनं एकेक करून सोडवली.

मानेचा मणका सरकला होता. मज्जारज्जू दबला होता, सुजला होता, तुटला नव्हता. "पुन्हा हललं असतं, तर संपलं होतं," सर्जन म्हणाले. "हात येतील बहुतेक. पायांचं आज काही सांगता येत नाही."

बाहेरच्या बाकावर आमोद चहाचे दोन कप घेऊन आला. सुरुचीचा एक डोळा सुजून मिटला होता.

"सॉरी, ताई."

"लाथ चांगली होती," ती म्हणाली. "पण अंगठा आत दुमडून मारतोस. मोडेल एखाद दिवशी."

तो रडायला लागला. ती चहा पीत राहिली. तिला बरगड्यांमुळे नीट रडताही येत नव्हतं.

डॉ. तरन्नुम दुसऱ्या दिवशी आल्या. सर्जनशी बोलल्या, मग सुरुचीच्या शेजारी बसल्या. सुरुचीनं त्यांना सगळं सांगितलं. पडदा, फुलाफुलांचं कापड, उजवी बाजू.

"म्हणजे पडदा बदलायला हवा माझा," त्या म्हणाल्या. "आणि हे मला सांगून काय उपयोग? माझी मान शाबूत आहे."

ऑपरेशन झालं. कल्याणीचे हात हळूहळू आले. आधी बोटं, मग मनगट. पायांना सुई टोचली तर कळायचं, पण ते हलायचे नाहीत. डॉक्टर रोज सकाळी म्हणायचे, 'अंगठा हलवा,' ती दात-ओठ खाऊन प्रयत्न करायची, आणि चादरीला सुरकुतीही पडायची नाही. सगळे तिच्याशी गोड बोलायचे. आई, दादा, नर्स, संघातल्या पोरी. आणि सगळ्यांत गोड सुरुचीताईबद्दल बोलायचे. जीव वाचवला बाईनं, मार खाल्ला, देवमाणूस. सुरुचीच्या कानावर हे आलं की तिला सुजलेल्या डोळ्यापेक्षा जास्त दुखायचं.

एका दुपारी कल्याणी एकटी होती, तेव्हा सुरुची आत गेली. पायथ्याची खुर्ची ओढून बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझी मान उजवीकडे वळत नव्हती ते. बागवान मॅडमच्या इथे मी पडद्याच्या अलीकडे होते. म्हणून त्या बाजूनं आले."

कल्याणी छताकडे बघत होती. गळपट्ट्यामुळे दुसरीकडे बघता येत नव्हतं.

"आधी दोनदा आली नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारी झाली ही."

"दोनदा धीर झाला नाही."

"आणि तिसऱ्यांदा झाला."

"झाला."

"आणि सगळे मला सांगतायत, सुरुचीताईच्या पाया पड म्हणून!" कल्याणीचा आवाज चढला. तिनं उशाजवळचं भांडं उचललं आणि फेकलं. नेम चुकला, पाणी भिंतीवर उडालं. "सटवे! माझी निवड गेली. माझे पाय गेले. एक शब्द बोलली असतीस, एक फोन केला असतास, तर मी... मी खेळलेच असते, पण तू बोलायला हवं होतंस ना! बाई आहेस का कोण आहेस? आणि वर रक्त काय पाडत होतीस माझ्यावर, मोठी वाचवणारी..."

ती हुंदके देत होती, शिव्या देत होती, शनिवार पेठेत घरात बोलत नाहीत अशा शिव्या. आणि त्या भरात चादरीखालून तिचा उजवा पाय सुटला आणि सुरुचीच्या गुडघ्यावर आपटला. जोर मांजराच्या पिल्लाचा. पण लागला.

कल्याणीच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या शिव्या आता सुरुचीच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या.

सुरुचीनं चादरीकडे पाहिलं. तोंडातून शब्द काढला नाही, डॉक्टरांना हाक मारली नाही. रागाची ही लय मोडली तर, अशी भीती वाटली. तिनं फक्त खुर्ची उचलली आणि, आवाज होऊ न देता, आणखी थोडी पुढे सरकवली.